उजव्या कोपऱ्यातली ओल

मी एक जुनी मशीन आहे. बेळगावच्या उत्तरेला कंग्राळीत, भाताच्या शेताला लागून असलेल्या एका गाळ्यात मी उभी असते. आणि ‘उभी असते’ हे शब्दच मला मुळी सोसत नाहीत. माझ्या टोकाला बसवलेली सुई चालू झाली की मिनिटाला हजारो गिरक्या घेते. असल्या जिवाला गप्प उभं राहायला सांगणं म्हणजे, मित्रांनो, तुम्हाला मधल्या सुट्टीत हाताची घडी घालून बाकावर बसवण्यासारखंच आहे. म्हणून माझी गोष्ट जरा घाईघाईने सांगितली जाईल. राग मानू नका.

आधी माझं काम सांगते. टीव्हीचा रिमोट, मिक्सर, दुकानातला वजनकाटा, यांच्या पोटात एक कडक पाटी असते. उघडून बघू नका. मार तुम्हाला बसेल आणि नाव माझं येईल. त्या पाटीला सर्किट बोर्ड म्हणतात. ती माझ्याकडे येते तेव्हा कोरी असते, अंगभर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला. मी सुईने त्या तांब्यात बारीक चर कोरत जाते. चराच्या अलीकडचं तांबं वेगळं झालं, पलीकडचं वेगळं झालं, की मधे वाटा उरतात. विजेने त्याच वाटांनी जायचं, शेजाऱ्याच्या वाटेत पाऊल टाकायचं नाही. मग मी भोकं पाडते आणि कडेने कापून पाटी मोकळी करते. पुढचं सोल्डरिंग, म्हणजे कथील वितळवून सुटे भाग जोडायचं काम, माणसं करतात.

सगळं कसब खोलीत आहे. चर उथळ राहिला तर दोन वाटा एकमेकींना चिकटून राहतात आणि वीज भलतीकडेच जाते. खोल गेला तर माझी निमुळती सुई चर रुंद करत जाते आणि वाटच खाऊन टाकते. खोली हवी किती, तर वहीच्या कागदाच्या जाडीएवढी. लोखंडाच्या एवढ्या मोठ्या धुडाने कागदाएवढ्या अंतरासाठी जीव टाकायचा, असा माझा धंदा आहे.

माझा पाया उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत ओतला गेला. बाकीचे अवयव कुठून कुठून खोक्यांतून आले. ते जोडले दोन पोरांनी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून. एक सुहास, बेळगाव शहरातल्या जुन्या घरचा, वडील वकील. दुसरा बुद्धप्रिय, निपाणीचा. त्याचे वडील शिक्षक होते आणि आजी तानीबाई तंबाखूच्या वखारीत पानं निवडून म्हातारी झालेली. दोघांचे स्वभाव अगदी उलटे. सुहास आधी स्क्रू पिळायचा आणि मग विचार करायचा. बुद्धप्रिय इतका विचार करायचा, की तोवर सुहासने स्क्रू चुकीच्या जागी पिळलेला असायचा. पण मी पहिला चर कोरला तेव्हा दोघंही सारखेच नाचले होते, आणि नाचताना माझीच वायर उपटून ठेवली होती.

परीक्षा झाल्यावर त्यांनी मला टाकलं नाही. कंग्राळीत गाळा घेतला, दारावर पाटी लावली आणि माझे धावपळीचे दिवस सुरू झाले. दूध डेअरीचे वजनकाटे, विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर, कॉलेजच्या पोरांचे शेवटच्या घटकेला आठवलेले प्रोजेक्ट. एकदा जांबोटीहून एक शेतकरी जळका बोर्ड टॉवेलात गुंडाळून आला. भातात गवे शिरले की वाजणारा भोंगा बंद पडला होता. परतीची एसटी कधी ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तो माझ्यासमोरच बसून राहिला. बोर्ड झाला तेव्हा त्याने माझ्या पाठीवर थोपटलं. बैलाला थोपटतात तसं! मला भारी वाटलं. आजवर मिळालेली सगळी शाबासकी एकीकडे आणि ती थाप एकीकडे.

पुढे जमाना बदलला. फोनवर दोन बोटं फिरवली की बाहेरगावाहून हिरवे चकचकीत बोर्ड कुरियरने घरपोच यायला लागले. सुहास म्हणायचा, "तिला कशाला त्रास द्यायचा?" त्रास! काम न करण्याचा त्रास कुणी विचारला मला? माझ्यावर जुनी चादर टाकली गेली. चादरीखाली एक पाल राहायला आली. सांबऱ्याला उतरणारं विमान डोक्यावरून गेलं की माझे सगळे स्क्रू थरथरायचे. वाटायचं, ते मेलं कुठून कुठून फिरून येतंय आणि मी इथं पालीशी गप्पा मारत उभी आहे. अधूनमधून एखादं किरकोळ काम मिळायचं, तेवढ्यापुरती चादर निघायची.

आता एक गोष्ट सांगून ठेवते, पुढे लागेल. पाटी थेट माझ्या लोखंडावर ठेवत नाहीत. मधे स्क्रूने एक फळी बसवलेली असते, म्हणजे भोक पाडताना सुई खाली उतरली तरी लाकडात शिरते. माझी फळी लाकडाच्या भुश्याचा लगदा दाबून केलेली होती. सुतार तिला एमडीएफ म्हणतात. बसवल्यावर ती माझ्याच पात्याने वरून तासून घेतली होती, त्यामुळे ती अगदी सपाट होती. पण असल्या फळीचं एक आहे. पाणी लागलं की ती फुगते, आणि फुगली की परत खाली बसत नाही.

गेल्या वर्षीची खंडेनवमी आली. हा माझा सगळ्यात मानाचा आणि सगळ्यात जिवावर येणारा दिवस. हत्यारांची, यंत्रांची पूजा असते म्हणून आम्हाला हार घालतात, हळद-कुंकू लावतात, ऊस बांधतात, आणि त्या दिवशी कुणी आम्हाला फिरवत नाही. नटूनथटून गप्प बसायचं. मी आतल्या आत नुसती तडफडत असते.

पूजेला सुहासची आई लतिकाबाई आल्या होत्या. दरवर्षी नारळ दाराच्या उंबऱ्यावर फोडतात, पण त्या दिवशी उंबऱ्यावर नव्या सिमेंटचं काम चाललेलं. लतिकाबाई म्हणाल्या, "मशीनच्या पायाशीच फोड की रे, हरकत नाही." सुहासने माझ्या ओतीव पायावर नारळ आपटला. आपटला म्हणजे कसा, जन्माचा राग असल्यासारखा. पाणी पायावर पडलं थोडं आणि उडालं जास्त. माझ्या उजव्या हाताच्या पुढच्या कोपऱ्यात ते फळीवर सांडलं, कुंकवाला घेऊन कडेने खाली उतरलं आणि फळीच्या पोटाखाली शिरलं. वर झेंडूची ओली फुलं ठेवली गेली.

बुद्धप्रिय त्याच्या टेबलाशी बसला होता. त्याच्या घरी पूजा करत नाहीत. सुहासला ते ठाऊक होतं आणि त्याने कधी आग्रह केला नाही. बुद्धप्रियही हसतखेळत पेढा मागून घ्यायचा, खोबरं खायचा, पण पूजा चालू असताना माझ्याजवळ यायचा नाही. पाणी उडालेलं मात्र त्याने पाहिलं. उठला. खिळ्यावरचं फडकं हातात घेतलं. माझ्याकडे दोन पावलं आला. मला वाटलं, आता पुसतो. पण त्याने माझ्यावरच्या फुलांकडे पाहिलं, सुहासच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं, आणि फडकं घडी करून परत खिळ्याला अडकवलं.

सुहासनेही पाणी पाहिलं होतं. पण दसरा झाल्याशिवाय मांडलेली पूजा हलवायची नाही, ही त्यांच्या घरची रीत. त्याने दार ओढून घेतलं. मी दोन दिवस ओल्या फुलांखाली भिजत उभी राहिले. ओरडणार कशी? मला तोंड नाही. सुई फिरली तरच माझा आवाज.

शनिवारी सकाळी गाळा उघडला तेव्हा बुद्धप्रियबरोबर त्याची चुलतबहीण पारमिता होती. तिला लहानपणापासून पायांनी चालता येत नाही. तिच्याकडे विजेवर चालणारी खुर्ची आहे. हाताशी एक छोटा दांडा, तो ढकलू तिकडे खुर्ची जाते. दसऱ्याच्या दिवशी निपाणीत धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता. तिथून परतताना पावसाने गाठलं, खुर्चीत पाणी शिरलं आणि मोटारींना वीज देणारा बोर्ड जळून कोळसा झाला. कंपनीने फोनवर सांगितलं, हे मॉडेल आता बंद, नवी खुर्ची घ्या. आज ती दुसऱ्याकडून मागून आणलेल्या, मागून ढकलायच्या खुर्चीत बसून आली होती, आणि तिची बंद खुर्ची टेंपोतून.

खरी अडचण पुढेच होती. पारमिताला कंग्राळीतल्या एका शाळेत मराठी शिकवायची तात्पुरती नोकरी लागली होती. खोलीही मिळाली होती, शाळेपासून थोड्याच अंतरावर. दसऱ्याची सुट्टी संपून शाळा सोमवारी उघडणार होती. आणि शाळेने आधीच बजावलं होतं, की स्वतःची स्वतः ये-जा करता येत असेल तरच या, नाहीतर दुसऱ्या बाईंना बोलावतो.

सुहास म्हणाला, "मी ढकलत नेऊन सोडतो की गं रोज. त्यात काय?"

"आणि घंटा झाल्यावर दुसऱ्या वर्गात कोण नेणार?" पारमिता म्हणाली. "दादा, पयल्या दिवशी पोरांच्या पुढं मी सवताच्या हातानं खुर्ची चालवत जाणार. न्हायतर जाणारच न्हाय."

बाहेरून बोर्ड मागवायचा तर सुट्ट्यांमुळे कुरियर बंद. मग दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. माझ्यावरची सुकलेली फुलं उचलली गेली. माझ्या अंगातून जी शिरशिरी गेली ती काय सांगू तुम्हाला! काम आलं होतं, आणि नुसतं काम नव्हे, कुणाचं तरी अख्खं जिणं त्यावर टेकलेलं.

बुद्धप्रियने जळक्या बोर्डवरच्या वाटा शोधून शोधून दुपारपर्यंत नवी आकृती काढली. मोटारीला भरपूर वीज लागते, म्हणून जाड तांब्याची पाटी हवी. तसले तुकडे गाळ्यात मोजकेच उरले होते. दुपार कलताना पहिला तुकडा माझ्यावर चिकटवला आणि मी सुटले. डावीकडे चर सुरेख पडत गेले. उजव्या कोपऱ्याकडे वळले मात्र, तोच खालची पाटी अंगावर आल्यासारखी वाटली. सुई हवी त्याहून खोल रुतली, आवाज घोगरा झाला, तांब्याचा चुरा उडाला आणि दोन वाटा पार कापल्या गेल्या.

"सुई बोथट झालीय," सुहास घाईने म्हणाला.

सुई बदलली. रविवारी सकाळी दुसरा तुकडा लावला. डावीकडे सुरेख, उजवीकडे तेच. या वेळी तर सुईचं टोकच मोडलं.

"चिकटपट्टीखाली हवा राहिली आसंल," बुद्धप्रिय म्हणाला. पट्टी काढून नवी लावली. तिसरा तुकडाही वाया गेला. आता जाड तांब्याचा एकच तुकडा शिल्लक होता.

मित्रांनो, मी काय करू? कोपरा फुगलाय, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या कोपऱ्यावर मी जेवढं घोगरं ओरडता येईल तेवढं ओरडले. दोघांनी कानही टवकारले. पण बुद्धप्रियने कोपऱ्याकडे पाहून मान फिरवली, आणि सुहासने बोट नेऊन तिथला कुंकवाचा ओघळ नखाने खरवडल्यासारखं केलं आणि हात मागे घेतला.

"त्या दिवशी तिथं..." बुद्धप्रियने सुरुवात केली.

"त्या दिवशी काय?"

"काय न्हाय."

सुहास कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "म्हातारी झाली रं ही. स्क्रू झिजले असतील. भंगारात द्यायच्या लायकीची झालीय बघ."

भंगार! माझ्या पायातलं ओतीव लोखंडसुद्धा त्या शब्दाने कापलं. आणि बुद्धप्रिय, ज्याने माझा एकेक स्क्रू पुसून बसवला होता, तो यावर अवाक्षर बोलला नाही. मला रागही आला आणि रडूही.

पारमिता दारापाशी त्या उसन्या खुर्चीत बसून सगळं बघत होती.  आता बुद्धप्रियला म्हणाली, "अण्णा, त्या कोपऱ्यात काय हाय?"

"कुठल्या?"

"ज्याच्याकडं तुमी दोघं बगना झालायसा, त्या. वर्गात दोन पोरं एकाच जागी बघायचं टाळत आसली, की तिथंच काय तरी दडवल्यालं आसतंय. काय हाय तिथं?"

सुहास मोडकी सुई डबीत टाकायला लागला, बुद्धप्रिय चिकटपट्टी गुंडाळायला. 

"मला सांगा," पारमिताचा आवाज चढला, "तुमी माझ्या नोकरीपरास एकमेकाला जपालायसा काय? उद्या शाळा उघडणार हाय. मी दारात न्हाय दिसले, तर दुसरी बाई खडू हातात घेणार."

तेव्हा कुठे बुद्धप्रिय बोलला. खाली मान घालून, हळू. "खंडेनवमीला नारळाचं पाणी पडलंतं तिथं. फळीखाली गेलंतं. मी बघितलंतं."

"मग पुसलं का न्हाईस रं?" सुहास म्हणाला. "मशीन तुझी न्हवं?"

"मशीन माझी. पूजा तुझी." बुद्धप्रिय म्हणाला. "आमची तानीआजी वखारीत बारा म्हैनं पानं निवडायची. सगळ्या तंबाखूला तिचा हात. आणि खंडेनवमीला वजनकाट्याची पूजा मांडली, की तिला सांगायचे, तू लांब बस, हात लावू नको. ती भाईर पायरीवर बसायची. लई वर्सांमागची गोष्ट हाय. तू तसा न्हाईस, काकू तशा न्हाईत, मला म्हाईत हाय. पर हातात फडकं घेतलं आणि तेच आठवलं बघ. पाय फुडं गेलंच न्हाईत."

सुहासचा चेहरा उतरला.  मग म्हणाला, "आणि मी बघून गप बसलो. मला वाटलं, तुला पूस म्हटलं तर पूजेच्या कामाला जुंपल्यासारखं होईल. सवता पुसायचं, तर दसऱ्यापर्यंत हलवायचं न्हाय असं डोक्यात. आणि कालपास्नं कळालंय मला, त्या कोपऱ्यातच गोम हाय. पर आमच्या पूजेनं पारमिताचा बोर्ड बिघडवला, हे तुझ्यापुढं कुठल्या तोंडानं सांगू?"

"दोघं बी शाणे," पारमिता म्हणाली. "आता खोला ती फळी."

स्क्रू निघाले. फळी उलटली तर खालून काळपट, भुसभुशीत, कोपऱ्यात पावासारखी फुगलेली. खोबऱ्याचा आंबूस वास गाळाभर पसरला. म्हातारी झाले म्हणे! मी पारमितासाठी हळहळत होते हे खरं, पण त्या वासाने मला जरा बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू?

रविवार, त्यात सुट्टी. लाकडाची दुकानं बंद. दुसरी फळी आणायची कुठून? सुहासने आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं, तानीबाईंच्या पायरीसकट.  मग लतिकाबाई म्हणाल्या, "देवघरातला सागवानी पाट घेऊन जा. पूजा त्याच्यावरच मांडते मी. जुना आहे, वाळून खडखडीत झालाय, फुगणार नाही."

"आई, अगं त्याला भोकं पडतील. वरनं तासावा लागंल."

"मग तास! देव भुईवर बसतील चार दिवस. त्या मुलीला खुर्चीवर बसव आधी."

पाट आला. खालच्या दोन पट्ट्या काढून बुद्धप्रियने तो माझ्यावर स्क्रूने पक्का केला. मग रुंद पातं लावून मला सोडलं आणि मी त्या सागवानावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. भुरभुर भुसा पडत गेला, खाली पिवळंधमक लाकूड निघालं. जुन्या सागवानाचा वास काय सांगावा! किती वर्षांनी मला असं पोटभर फिरायला मिळालं होतं.

शेवटचा तुकडा चिकटवला. सुईची उंची ठरवायची तर खाली कागद ठेवून सुई हळूहळू उतरवतात. कागद ओढताना किंचित अडला की उंची बरोबर. एरवी हे एकाच जागी करायचे. या वेळी पारमिताने तिचं निपाणी-बेळगाव एसटीचं तिकीट पुढे केलं आणि बुद्धप्रियने चारी कोपऱ्यांत ते घालून पाहिलं. उजव्या कोपऱ्यात त्याने स्वतः पाहिलं, मग सुहासला म्हणाला, "तू बी बघ." चारीकडे तिकीट सारखंच अडलं.

"सोड," सुहास म्हणाला.

सुटले मी. डावी बाजू झाली. मधला भाग झाला. उजव्या कोपऱ्याकडे वळले तशी तिघांनीही श्वास धरला. मी तर विजेच्या मोटारीवरच जगते, पण त्या घटकेला मलाही श्वास असल्यासारखं वाटलं. सुई खाली आली. आवाज बदलला नाही. बारीक, एकसुरी, जसा हवा तसाच. शेवटचा चर वाटेच्या टोकाला मिळाला तेव्हा सुहासने बुद्धप्रियच्या पाठीत असा गुद्दा घातला, की तो माझ्यावरच आदळला. नाचले मात्र नाहीत. वायर उपटण्याचा अनुभव होता.

दिवेलागणीला सोल्डरिंग संपलं. बोर्ड खुर्चीत बसला. पारमिताने दांडा पुढे ढकलला, खुर्ची घरघरली आणि गाळ्याबाहेर पडली. ओल्या रस्त्यावरून ती शेताच्या वळणापर्यंत गेली, तिथं गरकन वळली आणि दिवा लावून परत आली. कुणी मागून ढकलत नव्हतं. सोमवारी सकाळी ती गाळ्यासमोरून शाळेला गेली. मांडीवर खडूचा डबा होता. दाराशी थांबली नाही, उशीर होत होता. फक्त हॉर्न वाजवून गेली.

तेव्हापासून रोज ती घरघर ऐकते. मी जागची हलत नाही, पण मी कोरलेल्या वाटा गावभर फिरतात. एवढ्याने माझी तगमग शांत होते, असं मात्र समजू नका.

यंदाची खंडेनवमी परवाच झाली. सकाळी सुहास पूजेचं ताट घेऊन आला, पण ताट टेबलावरच ठेवून म्हणाला, "बुद्ध्या, आधी आपण दोघं पुसून घेऊ. मग मी मांडतो." बुद्धप्रियने खिळ्यावरचं फडकं काढलं. दोघांनी मला सांधान् सांधा पुसलं, स्क्रूंना तेल दिलं. नारळ उंबऱ्यावर फुटला. लतिकाबाईंनी कुंकू लावलं ते लोखंडाला, लाकडाला नाही.

तेवढ्यात बाहेर खुर्ची थांबली. पारमिता आली होती, आणि तिच्याबरोबर खुर्चीचा हात धरून चालत एक वाळलेली, उंच म्हातारी. तानीबाई. नातीची खुर्ची जिने चालवली ती मशीन बघायची म्हणून निपाणीहून आल्या होत्या. दारातून त्यांनी हार पाहिला, ताट पाहिलं आणि पाऊल मागे घेतलं. "पूजा चाललीया न्हवं? चालू द्या. मी हितं पायरीवर बसते."

बुद्धप्रियच्या हातातलं फडकं थांबलं. सुहास एकदम पुढे झाला, पण त्याच्याआधी लतिकाबाई गेल्या. त्यांनी तानीबाईंचा हात धरला. "पायरीवर का म्हणून? आत या. अशा जवळ या. हात लावून बघा."

तानीबाईंनी माझ्या लोखंडावर तळवा टेकवला. इतका खरबरीत तळवा मी कधी अनुभवला नव्हता. थोडा वेळ तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "गारच हाय की गं. फिरत न्हाय व्हय?"

"आज फिरवत नाहीत, आजी," सुहास म्हणाला. "आज बसवून ठेवायची रीत."

"ह्याच दिवशी मला बी बसवून ठेवायचे." त्या रागाने म्हणाल्या नाहीत, सहज म्हणाल्या. "आणि बसून लई कंटाळा यायचा बघ. हाताला कामाची सवं."

 मी तर आतून पेटलेच होते. सुहासने आईकडे पाहिलं. लतिकाबाईंनी एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा त्या तळव्याकडे, आणि माझ्या गळ्यातला हार उतरवून घेतला.

"फिरव रे बुद्धप्रिय," त्या म्हणाल्या. "हार तेवढा काढते, सुईत अडकायचा."

आणि मित्रांनो, खंडेनवमीच्या दिवशी मी फिरले. तानीबाईंनी हात काढला नाही. माझी थरथर त्यांच्या तळव्यातून खांद्यापर्यंत गेली असणार, कारण त्या हसल्या आणि म्हणाल्या, "जित्ती हाय!"

आता तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरी शिलाई मशीन असेल, सायकल असेल, आजोबांचा जुना पंखा असेल. त्याला हळद-कुंकू लावा, आम्हाला तो मान आवडतो. पण त्याआधी कोरडं फडकं घ्या आणि कोपऱ्याकोपऱ्यातून पुसा. कुठे ओल दिसली तर माझं काम की तुझं, असा विचार करत थांबू नका. आणि पुसायला बसाल तेव्हा दाराबाहेर कुणी उभं आहे का, तेही बघा. असेल तर आत बोलवा.